दोन वीत काजळी

बंदरामागच्या गल्लीत ती मशीद
समुद्राकडे पाठ करून उभी.
मीनार अर्धाच. वरचा भाग कुणी पाडला
याचं कॉफीच्या दुकानात रोज नवं उत्तर मिळतं:
भूकंपानं. विमानानं. नगरपालिकेनं.

मी आले ती पोपडे काढायला.
पिशवीत ब्रश, कापूस, शस्त्रवैद्याची सुरी
आणि अथेन्सच्या कचेरीचं पत्र:
वास्तूचे मूळ रूप परत आणावे.
मूळ म्हणजे कुठलं, ते पत्रात नव्हतं.

सगळ्यात वर चुना.
चुन्याखाली सिनेमाचा गडद निळा.
पांदेलिस इथं यंत्र फिरवायचा. पडदा किब्ल्याच्याच भिंतीवर,
म्हणजे तीस वर्षं अख्खं गाव
भोपळ्याच्या बिया सोलत
त्याच दिशेला तोंड करून बसलं
आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही.

निळ्याखाली कमरेइतकी पांढरी रेघ.
युद्धात इथं मिठाची पोती होती.
दक्षिणेचा वारा सुटला की भिंत अजून घामेजते.
मी जीभ लावून पाहिली. खारट.

मिठाखाली काजळी.

तिसऱ्या दिवशी एव्हान्थिया आली,
सत्तरी उलटलेली, हातात अंजिरांची परडी.
मिहराबाच्या डाव्या अंगाला बोट दाखवून म्हणाली,
ते माझ्या आईचं स्वयंपाकघर.

अनातोलियातून बोटीनं आलेली अकरा कुटुंबं,
मध्ये घोंगड्या टांगून केलेल्या अकरा खोल्या.
आई सुल्ताना. नावही तसलंच, भाषाही तुर्की,
फक्त गळ्यात क्रूस, म्हणून तिला इकडं पाठवलं.
आणि इथले, जे पिढ्यान् पिढ्या ग्रीकमध्येच भांडले,
ग्रीकमध्येच अंगाई गायले, फक्त नमाज पढायचे,
म्हणून त्यांना तिकडं.
धक्क्यावर दोघं समोरासमोर आले तेव्हा
एकमेकांना बोल लावायलाही
प्रत्येकाकडे दुसऱ्याचीच भाषा होती.

रेशिद दिवे लावायचा. निघायच्या रात्री
त्यानं सगळ्या हंड्यांत काठोकाठ तेल घातलं.
का, ते त्यालाच ठाऊक.
हात चालत राहतात, एवढंच मला समजतं.
त्या तेलाच्या उजेडात, नवव्या दिवशी,
एव्हान्थिया जन्मली.
उरलेल्यात आईनं कांदा परतला.

झुंबराच्या कडीला पाळणा.
शेजारी लोंबणारं शहामृगाचं अंडं,
कोळी जाळी धरू नयेत म्हणून कुणा जुन्या सुलतानाच्या काळी टांगलेलं.
कुठून आले मी, असं विचारलं की आई वर बघायची:
त्यातून. फुटलं नाही, तूच बारीक होतीस.

अंडं पुढं बेचकीनं कुणी फोडलं.
कडी आहे.

मी तिला समजावलं, काजळीखाली नक्षी असेल,
निळी-हिरवी, कदाचित कार्नेशनची फुलं,
कारागिराच्या बोटाचा ठसासुद्धा मिळतो कधी.
ती म्हणाली, असेल ना.
फुलं काढणाऱ्याची आई कुठं राबली, ते कुणी खरवडून दाखवेल का?

मग परडी ठेवून निघून गेली.
अंजीर फार पिकलेले. दुपारपर्यंत मुंग्या लागल्या.

सहा आठवडे काम चाललं. घुमट धुतला,
मीठ ओल्या कागदाच्या लगद्यानं ओढून घेतलं,
फुलं निघाली, होती तशीच, कार्नेशन आणि एक जरा वाकडं,
जणू काढताना कुणी हाक मारली असावी.

मधल्या काळात कुणी आला होता, इझमीरहून,
रेशिदच्या नातवाचा मुलगा की कोण.
उंबऱ्यात बूट काढावेत की नाही, इतकंच त्यानं मला विचारलं,
ग्रीकमध्ये, आमच्या बेटाच्या हेलात,
जो आता इथंही कुणी बोलत नाही.
मला उत्तर सुचलं नाही. त्यानं एकच काढला,
हसला, मग दुसराही.

काल अहवाल लिहिला.
आग्नेय भिंत. मिहराबाच्या डावीकडे, जमिनीपासून हातभर वर,
रुंदी एक वीत, उंची दोन:
साफ केलेले नाही.
कारण:

तो रकाना अजून कोराच आहे.
सकाळपासून लेखणी हातात धरून बसले आहे,
आणि बोटांना कांद्याचा वास येतोय.